नाईट गार्ड: रेडीमेड घ्यावा की मापाने करून?

नाईट गार्ड म्हणजे झोपेत दात खाणाऱ्यांनी, दात झिजू नयेत म्हणून, रात्री दातांवर घालायचं कवच. आधी स्टार सांगून टाकते, कारण बरेच जण तेवढंच वाचतात. ऑनलाइन मागवलेला रेडीमेड नाईट गार्ड: एक स्टार, तोही त्याच्या डबीला. क्लिनिकमधून मिळालेला मऊ गार्ड: दोन. मापाने करून घेतलेला कडक गार्ड: साडेतीन. आणि दहा रुपयांचं लाल टिकल्यांचं पाकीट: पाच. टिकल्यांचं काय ते पुढे येईलच.

मी जुळे सोलापुरात ब्लाऊज शिवते. सव्वीस वर्षं झाली. दुकान म्हणजे घराची पुढची खोली, दोन मशिनी, एक ओव्हरलॉक आणि हाताखाली एक मुलगी. लग्नसराईत रात्री एक-दीड वाजेपर्यंत मशीन बंद होत नाही. दातांच्या वस्तूचा रिव्ह्यू लिहिताना दुकानाची माहिती कशाला, असं वाटेल. पण माझा जबडा बिघडला तो याच खोलीत. टाचण्या दातांत धरायच्या, कात्री हाताशी असताना दोरा दाताने तोडायचा, आणि मुंढ्याची गोलाई जुळवताना दातावर दात आवळून बसायचं. शिवणकाम करणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, या तिन्हीतलं एक तरी निघेल.

माझ्या डाव्या कानाच्या पुढे लग्नाआधीपासून ‘कट्ट’ असा आवाज यायचा. घास मोठा असला की यायचाच. नवीन नवरी होते तेव्हा सासूबाई पंगतीत म्हणाल्या होत्या, “काय खातीयस गं, फुटाणे का?” मी वरणभात खात होते. दुखत नव्हतं, म्हणून कुणाला दाखवलं नाही. वीस वर्षं तो आवाज माझ्याबरोबर जेवला.

दुखायला लागलं दोन वर्षांपूर्वी, वयाच्या ४४ व्या वर्षी. फेब्रुवारीत मुहूर्त लागोपाठ होते आणि माझ्याकडे एकाच घरातले एकोणीस ब्लाऊज, सगळे अस्तराचे. सकाळी उठलं की गाल जड. कानशिलं ठणकायची. डावा कान आतून दुखतोय असं वाटायचं, पण कानात बोट घातलं तर काहीच नाही. मग गेले कानाच्या डॉक्टरांकडे. त्यांनी दुर्बीण घालून पाहिलं आणि सरळ सांगितलं, “ताई, कान स्वच्छ आहे. दुखणं शेजारच्या घरातलं आहे.” बोट कानाच्या पुढे ठेवलं, तोंड उघडायला लावलं, आणि म्हणाले दातांच्या डॉक्टरांना दाखवा. त्यांची फी तीनशे रुपये, आणि या सगळ्या प्रकरणातले सगळ्यांत सत्कारणी लागलेले पैसे तेच. मी मात्र चुकीच्या जिन्याने वर चढले.

पहिल्या दाताच्या क्लिनिकचं नाव लिहीत नाही. तिथे खालच्या डाव्या दाढेत जुनी चांदी भरलेली होती, तिच्यावर सगळा आळ आला. रूट कॅनाल झालं, वर कॅप बसली, साडेआठ हजार गेले, आणि दुखणं जिथल्या तिथे. दाढ खरंच खराब असेलही, मी काही डॉक्टर नाही. पण गिऱ्हाईक म्हणालं काखेत काचतंय आणि मी गळा उसवून दिला, तर मला कुणी पैसे देईल का?

रेडीमेड गार्ड याच दिवसांत घेतला. रात्री झोप लागत नव्हती, फोनवर शोधलं, ३९९ रुपयांत दोन नग आणि एक निळी डबी. गरम पाण्यात टाकायचा, मऊ झाला की तोंडात घालून चावायचा, म्हणजे दातांचा ठसा उमटतो आणि गार झाल्यावर तसाच राहतो. करायला मजा आली, खोटं कशाला बोलू. पहिला नग पाण्यात जास्त वेळ राहिला आणि वातड शेवयांचा गोळा झाला. दुसरा बसला, पण तो इतका जाड की ओठ मिटेनात. सकाळी उशी ओली. पुढच्या दातांत सैल, मागच्या दाढांपर्यंत पोचतच नाही. हे शेवटचं मला तेव्हा किरकोळ वाटलं होतं. नंतर कळलं की तेच गंभीर आहे. काही दातांवरच गार्ड बसला आणि बाकीचे उघडे राहिले, आणि असं महिनोन्‌महिने चाललं, तर दात जागा सोडतात आणि चावताना पुढचे-मागचे जुळेनासे होतात. मी अकरा रात्री घातला, तेवढ्यात काही झालं नाही. फ्री साइझ म्हणून जे विकतात ते कुणालाच नीट बसत नाही, हे निदान मला तरी माहीत असायला हवं होतं.

मऊ गार्ड त्याच कॅपवाल्या क्लिनिकने दिला, पंधराशे रुपये. त्यांनी माप घेतलं, गुलाबी लगदा ताटलीत भरून तोंडात कोंबला, दोन दिवसांनी पारदर्शक रबरासारखं काहीतरी हातात दिलं. “घाला रात्री.” संपलं. ट्रायल नाही, फिटिंग नाही, परत कधी यायचं ते नाही. घालायला तो सुखाचा होता, त्याचे दोन स्टार. पण मऊ वस्तू तोंडात आली की जबडा ती चघळत बसतो, निदान माझा तरी बसला. सकाळी गाल आधीपेक्षा जड. पाच आठवड्यांत दाढांच्या जागी भोकं. ती भोकं बघून मला पहिल्यांदा कळलं की झोपेत मी काय ताकद लावते. आमच्या यांना विचारलं, रात्री दात खाते का मी? म्हणाले, “लग्न झाल्यापासून. मला वाटलं, माझ्यावर राग असेल.”

मग जानेवारी आला. आमच्याकडे गड्ड्याची जत्रा, शेतात हुरडा. घरात कडक भाकरी बारा महिने, तिला वेगळा हंगाम लागत नाही. बाहेरच्यांना सांगते, आमची कडक भाकरी पापडासारखी मोडते आणि महिनाभर टिकते. शहाणे लोक ती आमटीत कुस्करतात. मी शेंगाचटणी आणि दह्याबरोबर तशीच चावणारी. एका संध्याकाळी तुकडा तोंडात घालायला गेले आणि तोंड उघडेना. दोन बोटं जेमतेम जातील एवढं उघडलं आणि पुढे जणू कुणी आतून कडी घातली. गंमत म्हणजे ‘कट्ट’ आवाज बंद झाला होता. दोन-तीन दिवस मी खूश होते की वीस वर्षांचा आवाज गेला. आवाज का गेला ते पुढे सांगते, पण तुमचाही आवाज असाच एकाएकी गेला आणि तोंड कमी उघडायला लागलं, तर पेढे वाटू नका.

हाताखालची मुलगी म्हणाली, “ताई, आ करा की ओ नीट.” मी केला. तिने बघितलं आणि गप्प झाली.

ज्यांनी मला बरं केलं त्या डॉक्टर मॅडमचंही नाव लिहीत नाही, एकीचं लपवून दुसरीचं छापणं बरं दिसत नाही. पण त्यांनी तपासलं कसं ते लिहिते, कारण रिव्ह्यू त्याचाच व्हायला हवा. पहिला प्रश्न: सुपारी, गुटखा, मावा खाता का? मी जेवणानंतर मसाला सुपारी खायची, ते कबूल केलं. त्यांनी दोन्ही गाल आतून बोटाने चाचपले. म्हणाल्या, तोंड उघडत नाही म्हणून येणाऱ्यांत सुपारीने गाल आतून कडक झालेले पुष्कळ निघतात, आणि ते दुखणं वेगळं, जास्त वाईट. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे म्हणतात. त्यांच्या खुर्चीवर बसलं की ती बंदी कुठे दिसत नाही. माझे गाल मऊ होते. सुपारी त्या दिवसापासून बंद, जबड्यासाठी नव्हे, भीतीने.

दुसरा प्रश्न: जिना चढताना, ओझं उचलताना जबडा दुखतो का, आणि थांबल्यावर राहतो का? मला कळेना. मग म्हणाल्या, हृदयाचं दुखणं कधी कधी जबड्यात येतं, बायकांत तर ते ओळखायचं राहून जातं, म्हणून विचारावं लागतं. आधीच्या क्लिनिकमध्ये हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. नंतर त्यांनी कानापुढे दोन्ही बाजूंना बोटं ठेवली, गालाचे स्नायू दाबले, कानशिलं दाबली, मानेपर्यंत गेल्या. गालाच्या कोपऱ्यात दाबल्यावर मी खुर्चीतून उठलेच. आणि मग पट्टी काढली. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर: २७ मिलिमीटर. मोठ्या माणसाचं ४० च्या पुढे हवं, म्हणजे स्वतःची तीन बोटं उभी आत जायला हवीत. सव्वीस वर्षं दुसऱ्यांची मापं घेतली. माझं माप कुणी इतक्या नीट घेतलं नव्हतं.

एक्स-रे काढला, सगळ्या जबड्याचा एकच लांब निघतो तो. हाडं ठीक. मॅडम म्हणाल्या, यात मधली गादी दिसत नाही, ती बघायला एमआरआय लागतो, पण तुम्हाला आत्ता त्याची गरज नाही. मग समजावून सांगितलं, आणि ते मला माझ्या भाषेत असं समजलं: कवटीच्या खोबणीत खालच्या जबड्याचं गोल टोक बसतं आणि दोघांच्या मध्ये एक अस्तर असतं. तोंड उघडताना ते टोक आधी जागेवर फिरतं आणि मग पुढे घसरतं, अस्तर त्याच्याबरोबर जायला हवं. माझं अस्तर कधीतरी पुढे सरकलं. तोंड उघडलं की टोक उडी मारून परत अस्तरावर चढायचं, तो ‘कट्ट’. जानेवारीत अस्तर पुढे गोळा होऊन अडकलं, उडी मारता येईना, म्हणून आवाज बंद आणि दारही बंद. ब्लाऊजच्या बाहीत अस्तर गोळा झालं की हात आत जात नाही, तेच.

आता “हे मलाच का” हा प्रश्न. माझी भाची पुण्यात फिजिओथेरपी शिकते, तिला फोन केला तर ती म्हणाली, “मावशी, तुझ्या एकटीचं काही नाही हे. माझ्या वर्गात आ करायला लावलं तर निम्म्यांचा वाजेल.” निम्म्यांचा हा तिचा मसाला, पण पुढे तिने आकडे वाचून दाखवले ते खरे. २०२१ साली अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्र हिशेब करून एक आढावा छापून आला. त्यात प्रौढ आणि म्हाताऱ्या माणसांत सुमारे ३१ टक्के आणि मुलांत सुमारे ११ टक्के जणांच्या जबड्याच्या या सांध्यात काही ना काही बिघाड धरला आहे, आणि सगळ्यांत जास्त सापडणारा बिघाड कुठला, तर माझाच जुना: अस्तर सरकून परत जागेवर येण्याचा. दुसरा आकडा अमेरिकेतला. तिथल्या राष्ट्रीय अकादमींनी २०२० साली जाडजूड अहवाल काढला. त्यात या सांध्याच्या भागात दुखणारे प्रौढ ४.८ टक्के, म्हणजे त्या देशात एक कोटीहून जास्त माणसं. आणि बायकांना हे पुरुषांच्या साधारण दुप्पट, त्यातही ३५ ते ४४ या वयात जास्त, असंही तिथल्या सरकारी दंतसंशोधन संस्थेने लिहिलं आहे. मी ४४. काठावर सापडले.

मी म्हटलं, एकीकडे ३१ आणि एकीकडे पाच, खरं काय? ती म्हणाली, दोन्ही. एकात तपासून बिघाड दिसलेला प्रत्येक जण मोजला, मग तो नुसता वाजत का असेना. दुसऱ्यात दुखणारेच मोजले. हे मला लगेच पटलं. माझे शंभर ब्लाऊज कुणी उलटे करून बघितले, तर तीसमध्ये कुठेतरी टीप तिरकी सापडेल. पण ब्लाऊज परत घेऊन येणाऱ्या चार-पाचच. बाकीच्या तो घालून लग्नं लावून आल्या. म्हणून नुसता वाजणारा आणि न दुखणारा जबडा उसवायला जायचं नाही, हे मॅडमनी पण सांगितलं आणि भाचीने पण.

त्यानंतर दुकानात आलेल्या बायकांना मी विचारायला लागले. माप घेताना हात वर करायला सांगतेच, त्यात आता “जरा आ करा बघू”. पाहणी कसली, नुसता चहाटळपणा. पण एक कळलं: ज्यांचा वाजतो त्यातल्या बहुतेकींना वाटत होतं की आपल्या एकटीचाच वाजतो. एक बँकेतली मॅडम, एक शाळेतली बाई, एक माझ्याच वयाची विडी कामगार. विडीवाली म्हणाली, “दुखतंय की, पण जबड्याला कुठं डॉक्टर असतो?” तिला मी ही सगळी कथा सांगितली. तिच्या ब्लाऊजला त्या दिवशी उशीर झाला.

कडक गार्ड मॅडमनी लगेच दिला नाही, आणि त्यांच्यावर माझा विश्वास बसला तो इथेच. मी पर्स उघडून बसले होते. त्या म्हणाल्या, “काकू, गार्ड दात वाचवेल. दुखणं घालवेलच असं मी लिहून देणार नाही. आधी सहा आठवडे फिजिओ आणि सवयी.” भाचीनेही तेच वाचून दाखवलं. २०२३ च्या डिसेंबरात ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जबड्याच्या जुनाट दुखण्यासाठी शिफारशी आल्या. त्यात व्यायाम, हाताने मोकळं करणं, मान-पाठीची ठेवण, मनावरचा ताण सांभाळायला शिकवणं, नीट समजावून सांगणं, यांच्या बाजूने जोरात लिहिलंय. काढता-घालता येणाऱ्या गार्डबद्दल मात्र हात आखडता: सरसकट देऊ नका, अशा अर्थाचं. जे परत पूर्ववत करता येत नाही त्याला तर ठाम नकार.

तो ठाम नकार माझ्या उपयोगी पडला. मधल्या काळात एका नातलगाच्या आग्रहाने एका मोठ्या शहरातल्या चकचकीत दवाखान्यात गेले होते. तिथे सांगितलं की तुमची चावण्याची ठेवणच चुकीची आहे, सगळे दात घासून नव्या कॅपा बसवू, खर्च दोन लाख साठ हजार. टीव्हीवर माझ्या जबड्याचं रंगीत चित्र फिरवून दाखवलं. मी भारावले होते, खोटं नाही. भाची म्हणाली, ही समजूत जुनी आहे. १९३४ साली अमेरिकेत कॉस्टेन नावाच्या कानाच्या डॉक्टरने कानाचं दुखणं आणि जबडा यांचा संबंध लिहिला, तेव्हा त्याने दाढा पडल्यामुळे ठेवण बिघडते असं कारण दिलं होतं. तेव्हापासून ठेवणीच्या मागे लागणारे आहेतच. कापड एकदा कापलं की जोडता येत नाही, दाताचंही तेच. मी दोन लाख साठ हजार वाचवले आणि त्यातल्या अठ्ठावीस हजारांत नवीन मशीन घेतलं.

फिजिओचे सर वयाने माझ्या मुलाएवढे. आठ बैठका, प्रत्येकी चारशे. हातमोजा घालून अंगठा गालाच्या आत आणि बोटं बाहेर, आणि मधला स्नायू पिळायचा. पहिल्या दिवशी डोळ्यांत पाणी आलं. चौथ्या दिवशी तीन बोटं जात नव्हती, पण अडीच गेली. घरचा व्यायाम सोपा: ‘न’ म्हणताना जीभ जिथे लागते तिथे टेकवायची, आणि ती सुटणार नाही एवढंच तोंड हळू उघडायचं. सहा वेळा. दिवसातून सहा वेळा. गालावर गरम ओला टॉवेल वीस मिनिटं, टॉवेल तर आमच्या गावचाच. जांभई आली की हनुवटीखाली मूठ. खायला मऊ भात, खिचडी, ताजी भाकरी दुधात कुस्करून. कडक भाकरीचा डबा सासूबाईंनी स्वतः वरच्या फळीवर ठेवला आणि म्हणाल्या, “मी खाली काढल्याशिवाय हात लावायचा नाही.” त्यांना स्वतःला दात नाहीत, पण अधिकार आहे.

आता टिकल्या. सरांनी विचारलं, दिवसभरात वरचे-खालचे दात एकमेकांना किती वेळ लागलेले असावेत? मी म्हटलं, सारखेच की, तोंड मिटलं म्हणजे लागणारच. ते हसले. म्हणाले, नुसतं बसलेलं असताना ओठ मिटलेले, पण दात सुटे असायला हवेत, मध्ये दोन-तीन मिलिमीटर फट. जेवताना, गिळताना टेकतात, सगळं मिळून दिवसात वीसेक मिनिटं. मी ४४ वर्षांची बाई, मला हे माहीत नव्हतं. तुम्ही आत्ता वाचताना तपासा. टेकलेत ना?

“आठवण राहील असं काहीतरी लावा समोर,” सर म्हणाले. मी पर्समधलं टिकल्यांचं पाकीट काढलं. एक टिकली मशीनच्या मानेवर, सुईच्या वर. एक ओव्हरलॉकवर. एक कात्रीच्या मुठीवर, एक फ्रीजवर, एक फोनच्या मागे. टिकली दिसली की दात सुटे, खांदे खाली, जीभ ‘न’वर. पहिल्या दिवशी जेवढ्या वेळा टिकली दिसली तेवढ्या वेळा दात आवळलेले सापडले. प्रत्येक वेळी. गळ्याला पायपिंग लावताना तर इतके, की सोडल्यावर गाल थरथरला. तिसऱ्या आठवड्यात निम्म्या वेळा. गिऱ्हाइकं विचारायची, मशीनला टिकली का, काय नवस आहे? एकीने तर हात जोडले.

अडीच महिन्यांनी पट्टी पुन्हा लावली: ४१ मिलिमीटर. सकाळचा जडपणा जवळजवळ गेला. ‘कट्ट’ परत आला नाही. त्या जागी आता कधी कधी वाळूसारखी बारीक करकर येते. मॅडम म्हणतात, दुखत नसेल तर तिला विचारू नका.

आणि मग कडक गार्ड. तो का, तर माझ्या सुळ्यांची टोकं घासून सपाट झाली होती आणि कॅप साडेतीन हजारांची होती. रात्री दात खाणं काही टिकलीने थांबत नाही. मॅडमनी वरचं-खालचं माप घेतलं, मेणाचा तुकडा चाववून दोन्ही जबडे कसे जुळतात ते घेतलं, आणि माप पुण्याच्या लॅबला गेलं. आठ दिवसांनी ट्रायल. हो, ट्रायल! निळा कागद दातांत धरून चाववलं, जिथे निळं गडद उमटलं तिथे गार्ड घासला, परत चाववलं, परत घासला. चाळीस मिनिटं. सगळ्या दाढांना सारखा ठिपका येईपर्यंत सोडलं नाही. आठवड्याने परत बोलावलं, तीन आठवड्यांनी परत. आल्टरेशनचे पैसे घेतले नाहीत. माझ्या धंद्यातल्या माणसाला यापेक्षा मोठी शिफारस सुचत नाही.

साडेपाच हजार. सगळे वरचे दात झाकतो, दोनेक मिलिमीटर जाड, काचेसारखा. पहिल्या चार रात्री लाळ सुटली आणि ‘स’ म्हणता येईना, आमच्या यांचं नाव ‘स’वरून आहे, त्यामुळे थोडी करमणूक झाली. पाचव्या रात्रीपासून सवय. नऊ महिन्यांत त्याच्यावर दाढांच्या जागी पुसट ओरखडे आलेत, ते ओरखडे माझ्या दातांवर येणार होते. दीड स्टार कापला तो यासाठी: प्रवासात सांभाळायची कटकट, आणि दुखणं याने गेलं असं मी शपथेवर सांगू शकत नाही, ते आधीच उतरणीला लागलं होतं. धुवायचा तो साध्या साबणाने आणि मऊ ब्रशने. टूथपेस्ट लावू नका, चरे पडतात. गरम पाणी तर अजिबात नाही, वाकडा होतो. मी एकदा सवयीने चहाच्या भांड्याशेजारी ठेवला होता, सासूबाईंनी ओरडून उचलला.

कुणी घ्यावा? दात झिजलेले असतील, टवके उडत असतील, घरचे लोक रात्री आवाजाने उठत असतील, तर घ्या, पण मापाने करून आणि फिटिंगला परत बोलावणाऱ्याकडूनच. नुसता जबडा वाजतोय म्हणून घेऊ नका. दुखतंय म्हणून घेणार असाल तर आधी आठवडाभर टिकली लावून बघा आणि मग पैसे कुठे घालायचे ते ठरवा. तोंड अडकलं असेल तर माझ्यासारखे पेढे न वाटता दाखवायला जा.

रेडीमेडच्या कंपनीने दोनदा मेसेज पाठवला, प्रॉडक्ट आवडलं का, फोटो टाका. गार्ड कधीच कचऱ्यात गेला. निळी डबी मात्र मशीनवर आहे, टिकलीच्या शेजारी. झाकण घट्ट बसतं, हातातून पडली तरी उघडत नाही. टाचण्या आता तिच्यात असतात.